बघून भरायचा रकाना

आर्डिथ कोस्केलाबाईंचा कशावरच विश्वास नव्हता. दुधाच्या डब्यावरच्या तारखेवर नव्हता, रेडिओवरच्या हवामानावर नव्हता, आणि 'पोराला ताप आहे, आज येणार नाही' असा फोन करणाऱ्या आयांवर तर मुळीच नव्हता. "किती ताप?" त्या विचारत. "शंभराच्या वर म्हणजे किती? थर्मामीटर हातात आहे ना? मग वाचून सांग." पलीकडची आई बिचारी थर्मामीटर शोधायला पळे.

टॅमरॅक शाळेच्या कचेरीत त्या सत्तावीस वर्षं बसल्या होत्या. शाळा सरकारी, पण वेगळ्या मुलांची. ज्यांना चालता येत नाही, बोलता येत नाही, घास गिळता येत नाही अशांची. तीन वर्षांपासून सव्वीस वर्षांपर्यंत कुणीही तिथे विद्यार्थीच. पंचविशीचा ऑरव्हिल तर चांगली दाढी राखून होता आणि रोज सकाळी बसमधून उतरताना स्वतःसाठीच टाळ्या वाजवायचा. तीन वर्ग, एक स्वयंपाकघर आणि गरम पाण्याचा एक छोटा हौद, ज्यात आखडलेले हातपाय सैल व्हावेत म्हणून मुलांना सोडत. एवढीच शाळा.

पट एकोणीस. बारा मुलगे, सात मुली. कोण नळीने जेवतं, कोणाला फिट्स येतात, कोणाच्या घरी बाप आहे आणि कोणाच्या घरी फक्त त्याचा कोट टांगलेला आहे, हे सगळं आर्डिथबाईंना तोंडपाठ होतं. दर वर्षी प्रत्येक मुलाचा एक अर्ज भरायचा. नाव, जन्मतारीख, पत्ता, घरातली माणसं आणि वंश. या शेवटच्या रकान्याची एक गंमत होती. आईबापांनी तो कोरा सोडला तर शाळेने मुलाकडे बघून भरावा, असा सरकारचा नियम होता. बघून! एकोणीसांपैकी अकरा आईबापांनी भरले होते, आठ आर्डिथबाईंनी खिडकीजवळच्या उजेडात बघून भरले होते. आठही 'गोरा' म्हणून.

खोटे पत्ते पकडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. एकदा एका कुटुंबाने मावशीचा पत्ता दिला होता. बाईंनी जानेवारीत, दोन दिवस बर्फ पडल्यावर, तिकडून गाडी नेली. मावशीच्या दारापर्यंत टायरची एक खूण नव्हती. "मुलगा रोज शाळेत येतो तो काय उडत येतो?" त्यांनी सोमवारी विचारलं, आणि कुटुंबाने खाली मान घातली. ही हकिकत बाई दर ख्रिसमसला सांगत आणि ऐकणारे दर ख्रिसमसला हसत.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये जिल्हा कचेरीतून टटल नावाचा तरुण अधिकारी आला. गोरागोमटा, टाय लावलेला, अतिशय गोड. त्याने मुख्याध्यापक लेस्टर यांच्यासमोर एक तक्ता ठेवला. वय, वंश, आजार, गाव, सगळ्याचे वेगवेगळे रंग. "काय आहे ना सर," तो म्हणाला, "वीसच्या खाली पट असला की स्वतंत्र इमारत चालवणं अवघड होतं. ऑक्टोबरच्या मोजणीत वीस भरले तर प्रश्नच नाही. नाही भरले तर मुलांना मोठ्या गावच्या शाळेत सामावून घेऊ. तिथे सोयी उत्तम आहेत."

मोठं गाव सत्तर मैलांवर होतं. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत सरोवरावरून वारा सुटला की त्या रस्त्यावर समोरच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत. श्वासाची नळी लावलेलं पोर रोज तिथून न्यायचं आणि आणायचं?

"इतकं गोड कोण बोलतं माहितीये?" टटल गेल्यावर आर्डिथबाई म्हणाल्या. "ज्याचा निर्णय आधीच झालेला असतो तो."

"अगं, एकच मूल कमी आहे. येईल कुठूनतरी," लेस्टर म्हणाले. लेस्टर भला माणूस. सगळ्यांवर विश्वास ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि न ठेवायचं आर्डिथबाईंकडे. शाळा अशी बरी चालली होती.

आणि खरंच, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात विसावं मूल आलं.

एका जुन्या हिरव्या ट्रकमधून सत्तरीची एक बाई उतरली, मागची दोरी सोडून तिने चाकाची खुर्ची खाली घेतली आणि खुर्चीत दहा वर्षांच्या मुलीला बसवलं. रोझली कॅड्रो आणि तिची नात डेल्फिन. मुलगी बोलत नव्हती. जवळ आलेल्या कुणाचीही बाही धरायची आणि सोडायची नाही. तिने आर्डिथबाईंच्या स्वेटरची बाही धरली आणि बाईंना अर्ज डाव्या हाताने तपासावा लागला.

पत्त्याच्या जागी टपालपेटीचा नंबर होता. फोन नाही. आईबाप नाहीत, 'आजी' एवढंच. घरातली माणसं, कोरं. वंश, कोरा.

"इथे राहून गेलंय," आर्डिथबाई म्हणाल्या.

"राहून नाही गेलेलं. मी सोडलंय."

"मग मला बघून भरावं लागेल."

"बघा की," रोझली म्हणाली आणि टेबलासमोर सरळ उभी राहिली. मुलीच्या गालाची हाडं, आजीची घट्ट पांढरी वेणी, सगळं समोर होतं. आर्डिथबाईंनी पेन उचललं आणि परत ठेवलं. इतक्या वर्षांत बघायला कुणी असं सांगितलं नव्हतं.

त्या गेल्यावर बाईंच्या मनात पाल चुकचुकली. विसाव्या मुलाची नड आणि विसावं मूल दारात? नेमकं? ना पत्ता, ना फोन, ना कागद. कुठेतरी पाणी मुरत होतं. ही टटलचीच खेळी नसेल कशावरून? मोजणीनंतर तपासणी होणार, पटावरचं एक मूल खोटं निघणार, आणि मग 'या शाळेत पोरं फुगवून दाखवतात' असा बोभाटा करून दाराला कुलूप.

"अगं आर्डिथ, देवाने पाठवलीय असं समज," लेस्टर म्हणाले.

"देव पाठवतो तेव्हा पत्ता देतो. ही टपालपेटीचा नंबर देतेय."

डेल्फिन रोज येऊ लागली. चौथ्या दिवशी तिला हौदात सोडलं तेव्हा ती हसली. मोठ्याने, पोटातून. हौद सांभाळणाऱ्या मावशी बोलवायला आल्या म्हणून आर्डिथबाई बघायला गेल्या. पाण्यात पोरीच्या मुठी उघडल्या होत्या. बाईंना बरं वाटलं, खूपच बरं वाटलं, आणि म्हणूनच त्या जास्त सावध झाल्या. जागेवर परत येऊन त्यांनी पेट्रोलपंपावरच्या माणसाला फोन केला आणि हिरवा ट्रक कुठे राहतो याचा छडा लावला.

मोजणीच्या बुधवारआधीच्या शनिवारी त्या तिकडे गेल्या. गावापासून चौदा मैल, सरोवराच्या काठाला, जिथे डांबर संपून वाळू लागते तिथे. घर छोटं, छपरावर निळी ताडपत्री. ट्रक आवारात होता, पण बाहेर कुणी दिसत नव्हतं. आर्डिथबाईंनी गाडी झाडांमागे लावली आणि चिखलातल्या टायरच्या खुणा पाहिल्या. ताज्या होत्या. चाकाच्या खुर्चीच्या खुणा होत्या. पण एवढ्याने त्यांचं समाधान होईल तर त्या कसल्या! त्या घराच्या मागे गेल्या. दोरीवर कपडे वाळत होते. बाईंनी वही काढली. लहान मुलीचे तीन फ्रॉक. बाईमाणसाचे झगे. आणि पुरुषाचे दोन सदरे. सदरे? अर्जात तर कुणा पुरुषाचं नाव नव्हतं. त्यांनी 'सदरे २' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"सापडलं का काही?"

मागे रोझली उभी होती. हातात मासळीची बादली. काठाने चालत आली होती.

दुसरी कुणी असती तर शरमली असती. आर्डिथबाईंनी सवयीने विचारलं, "या घरात एकूण किती माणसं राहतात?"

रोझलीच्या चेहऱ्यावरचं सगळं जागच्या जागी थांबलं. ती रागावली असती तर बाईंना कळलं असतं, रागाशी त्यांची जुनी ओळख होती. ही घाबरली होती. तिने बादली तिथेच ठेवली, घरात गेली, आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.

बुधवार उजाडला. मोजणीच्या बुधवारी आमच्याकडे शाळांमध्ये सणच असतो. त्या दिवशी जो जागेवर बसलेला असेल तो मोजला जातो, म्हणून मुलं यावीत यासाठी गोड वडे आणतात, फुगे लावतात, आळशी पोरांना मास्तर घरी जाऊन उठवतात. टॅमरॅकमध्ये एकूण एक मूल आलं. ऑरव्हिलच्या नाकाला धार लागली होती तरी आला आणि टाळ्या वाजवत उतरला. टटल पेन्सिल घेऊन वर्गावर्गातून फिरला.

"एकोणीस," तो म्हणाला. "विसावी?"

हिरवा ट्रक आला नव्हता.

आर्डिथबाईंच्या मनात आधी काय आलं ते सांगायलाच हवं. त्यांना आनंद झाला. 'बघा, मी म्हटलं होतं' असा, क्षणभराचा, कोतेपणाचा आनंद. मग हौदावरच्या मावशी दारात आल्या आणि म्हणाल्या, "डेल्फिनचं पाणी मी गरम करून ठेवलंय हो. ती येतेय ना?" आणि बाईंना दोरीवरचे कपडे आठवले, हातातली वही आठवली, कडीचा आवाज आठवला. पोर खोटी नव्हती. पोर आली नव्हती ती बाईंमुळेच.

"नियम आहे," त्या टटलला म्हणाल्या. "दहा शाळेच्या दिवसांत आली तर धरायची. दोन आठवडे."

"अर्थात. पण तोवर मी स्थलांतराचे कागद तयार ठेवतो हं. नंतर धावपळ नको," टटल गोडपणे म्हणाला.

लेस्टरना त्यांनी त्याच दुपारी सगळं सांगितलं. टेबलावर उरलेला एक गोड वडा लेस्टरनी कागदात गुंडाळला, परत उघडला, परत गुंडाळला. तोंडावर शिव्या घातल्या असत्या तरी बाईंना चाललं असतं.

चार दिवस त्या गेल्या नाहीत. जायला तोंड नव्हतं. सोमवारी गेल्या, या वेळी गाडी दारासमोर उभी केली. वेलची घातलेल्या पावाची वेणी त्यांनी भाजून नेली होती. दार वीतभर उघडलं.

"उरलेले मोजायला आलात?"

"ती दहा दिवसांत आली नाही तर शाळा बंद होईल."

"म्हणजे शाळेसाठी आलात."

"हो," आर्डिथबाई म्हणाल्या. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

रोझली बाहेर आली, तिने दार मागे ओढून घेतलं आणि पायरीवर बसली. आत घेतलं नाही.

"दोन सदरे माझ्या नवऱ्याचे आहेत," ती म्हणाली. "मरून सहा वर्षं झाली. अशा ओसाड जागी एकट्या बाईचं घर आहे असं दिसू नये म्हणून वाळत घालते. लिहा तुमच्या वहीत."

आर्डिथबाईंनी वही आणलीच नव्हती.

"मी सहा वर्षांची होते," रोझली म्हणाली. "अशीच एक बाई आली. निळा कोट. वही. हसतमुख. घरात किती, पोरं किती, कुठल्या वयाची, कोणत्या जातकुळीची. माझ्या आईने तिला चहा दिला. आई खरं बोलायची, तिने सगळं सांगितलं. पाने गळायच्या दिवसांत गाडी आली. मिशनच्या शाळेत नेलं आम्हां तिघींना. केस कापले. आमच्या भाषेत बोललं की साबण तोंडात. दोघी परत आलो. म्हणून मी रकाना सोडते. कळलं?"

"कळलं."

"नाही कळलं. आता तुम्ही सांगा. तुमच्या घरात किती?"

"मी एकटी."

"लहानपणी?"

"पाच. वडील तोइवो, आई हिल्या, बहीण इर्मा, मी. आणि रेनो."

"रेनो कोण?"

आर्डिथबाईंना वाटलं निघून जावं. पण त्या पायरीवर तिच्या शेजारी टेकल्या.

"धाकटा भाऊ. आमच्या शाळेतल्या मुलांसारखा. चालायचा नाही, बोलायचा नाही. मी त्याला दुधाच्या ढकलगाडीत घालून कोठारापर्यंत न्यायची. मी नऊ वर्षांची होते. आई गोठ्यात होती. जिल्हा कचेरीची बाई आली, दार मी उघडलं. तिने विचारलं, मी सांगितलं. घरात पाच. रेनो सात वर्षांचा. त्याला बोलता येत नाही, त्याला शीचं कळत नाही, त्याला फिट्स येतात. मी सगळं नीट, ओळीने सांगितलं. ती म्हणाली, किती हुशार मुलगी आहे. मला इतका अभिमान वाटला! दोन महिन्यांनी त्याला राज्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. पार खाली, दक्षिणेला. दुसऱ्या हिवाळ्यात तो गेल्याचं पत्र आलं. पत्रात नाव नव्हतं, नंबर होता."

सरोवरावरून वारा येत होता. ताडपत्रीचा एक कोपरा फडफडत होता.

"आईने मला कधी बोल लावला नाही," आर्डिथबाई म्हणाल्या. "तिला कळलंच नाही कुणी सांगितलं ते. मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं."

"आणि तरी तुम्ही वही घेऊन फिरता."

"मला वाटलं, यादी माझ्या हातात असली तर यादीतून कुणी हरवणार नाही."

रोझलीने पावाची वेणी उचलली, वास घेतला, आणि आत गेली. कडी लागली. आर्डिथबाईंनी 'डेल्फिनला पाठवा' असं म्हटलं नाही. ते म्हणायचा आपल्याला हक्क उरलेला नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

सहावा दिवस गेला, सातवा गेला. टटलचं पत्र आलं, त्यात बसचं वेळापत्रक होतं. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ऑरव्हिल. आठवा गेला. नवव्या दिवशी पहिला बर्फ भुरभुरला. आर्डिथबाईंनी कुणाला ताप किती ते विचारणं सोडून दिलं होतं. आया घाबरून एकमेकींना फोन करू लागल्या की बाईंची प्रकृती बरी नाही वाटतं.

दहाव्या दिवशी दुपारी सव्वा वाजता हिरवा ट्रक आला.

रोझली एकटीच उतरली. तिने आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीत डोकावून पाहिलं. इमारतीला पूर्ण फेरी घातली. मागचं दार ओढून पाहिलं. आर्डिथबाई पुढच्या दारात उभ्या राहिल्या, थंडीत, कोट न घालता, आणि मधे गेल्या नाहीत. शोधणाऱ्या माणसाला पुरतं शोधू द्यावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत!

मग ती ट्रकपाशी गेली आणि तिने दोरी सोडली.

कचेरीत आल्यावर ती म्हणाली, "कागद दाखवा."

आजवर आपला पट आर्डिथबाईंनी लेस्टरच्याही हातात दिला नव्हता. त्यांनी अर्ज काढून तिच्यासमोर ठेवला. रोझलीने चष्मा लावून एकेक ओळ वाचली. डेल्फिनने दरम्यान बाईंची बाही पकडली होती.

"हा कुठे कुठे जातो?"

"जिल्ह्याला. तिथून राज्याला. तिथून वर. त्यानंतर कुठे जातो ते मला माहीत नाही."

"'कुठेच जात नाही' म्हणाला असतात तर मी परत फिरणार होते." तिने कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे काय लिहिणार होतात?"

"गोरी," आर्डिथबाई म्हणाल्या. "गोरी लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही. मी आठ जणांचं तसंच लिहिलंय. मला वाटायचं, मी त्यांना लपवतेय."

"माझ्या मुलीचंही मी तेच लिहिलं होतं," रोझली म्हणाली. "ती मेली तेव्हा दाखल्यावरही तेच आलं. तिचं काहीच खरं राहिलं नाही." तिने पेन मागितलं. मूळच्या लोकांच्या चौकोनात तिने खूण केली, आणि तिच्याखाली, जिथे लिहायला जागाच नव्हती तिथे, आपल्या लोकांचं नाव लिहिलं: ओजिब्वे. पत्त्याच्या जागी रस्त्याचं नाव लिहिलं. घरातली माणसं, दोन.

मग तिने कागद ढकलला आणि पेन मात्र मुठीतच ठेवलं.

"आता ऐका. ही हरवली तर मी कचेरीत जाणार नाही. तुमच्या जिल्ह्याच्या साहेबाकडे जाणार नाही. मी तुमच्याकडे येईन. आर्डिथ कोस्केला, गिरणीचा रस्ता, चौदा नंबर, पिवळं घर, एकटी राहते. मीही विचारून ठेवलंय पेट्रोलपंपावर."

आर्डिथबाईंचे डोळे भरून आले. सत्तावीस वर्षांत त्यांची कुणी अशी चौकशी केली नव्हती.

"चौदा नव्हे, सोळा," त्या म्हणाल्या. "आणि मागच्या दाराने या. पुढचं थंडीत उघडत नाही."